धूर आणि धूळ : जीवघेणी जोडी

'आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत विडी ओढत होते, त्यांना काही झाले नाही,' असे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक कुटुंबात असतो. तो खोटे बोलत नाही. धूम्रपान करणाऱ्या प्रत्येकाला फुप्फुसाचा कॅन्सर होत नाही आणि कधीही विडी न ओढणाऱ्यालाही तो होऊ शकतो. पण आजोबा काम कुठे करत होते, विडीच्या धुराबरोबर आणखी काय श्वासात घेत होते, हे कुणी विचारत नाही.

न्यूयॉर्कचे डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे कायलर हॅमंड यांनी ते विचारले. पाइप व बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचे थर चढवणाऱ्या अमेरिका-कॅनडातील १७,८०० कामगारांची त्यांनी १९६७ पासून दहा वर्षे नोंद ठेवली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे धक्कादायक होते. धूम्रपानही नाही आणि ॲस्बेस्टॉसही नाही, अशा पुरुषांत या कॅन्सरने वर्षाला लाखामागे सुमारे ११ मृत्यू होत. फक्त ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्यांत ५८, फक्त धूम्रपान करणाऱ्यांत १२३ आणि दोन्ही असलेल्यांत तब्बल ६०२! पाचपट आणि अकरापट यांची बेरीज सोळापट होते, इथे धोका त्रेपन्नपट झाला होता. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा कमी-जास्त आढळला, पण दोन्ही एकत्र येणे सर्वांत घातक, हे कायम राहिले.

असे का व्हावे? श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत राहतात आणि आत आलेली धूळ कफाबरोबर वर ढकलतात. तंबाखूच्या धुराने शरीराचा हा झाडूच लुळा पडतो. मग ॲस्बेस्टॉसचे कण फुप्फुसात रुतून बसतात, वर्षानुवर्षे तिथे दाह होत राहतो आणि धुरातील विषारी द्रव्येही त्या कणांना चिकटून आत टिकतात. रोग उघड व्हायला वीस-तीस वर्षेसुद्धा लागतात.

ॲस्बेस्टॉस हा शब्द अनोळखी वाटला तरी छपरावरचे सिमेंटचे पत्रे सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांतील कित्येकांत ॲस्बेस्टॉस असते. धड असलेला पत्रा सहसा त्रास देत नाही. तो कापताना, फोडताना, भोके पाडताना मात्र धूळ उडते. अनेकदा ओठात विडी धरूनच हे काम चालते. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही बारीक धूळ अडत नाही. शक्यतो पत्रा कापूच नये, कापावाच लागला तर ओला करून हातकरवतीने कापावा. धूळ कोरडी झाडू नये.

कामाचे कपडेही घरात झटकू नयेत. नवऱ्याचे कपडे झटकणाऱ्या, धुणाऱ्या बायकांना फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाल्याचे लंडनमधील डॉक्टरांनी १९६५ मध्येच नोंदवले होते. त्या बायका कारखान्यात कधी गेल्याही नव्हत्या.

फुप्फुसात गेलेले ॲस्बेस्टॉस परत काढता येत नाही. तरीही, अशाच कामगारांच्या २०१३ मधील अभ्यासात धूम्रपान सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्मे झाल्याचे दिसले. खोकला आठवडे-आठवडे हटत नसेल किंवा थुंकीत रक्त दिसत असेल, तर डॉक्टरांना विडी-सिगारेटबरोबर जुन्या नोकरीचीही माहिती द्यावी, मग ती सोडून वीस वर्षे झाली असली तरीही.