मुलाने आपटलेला गेम बॉय : आधी तपासा, मग दर सांगा

निन्टेन्डोने १९८९ साली आणलेला गेम बॉय शौकीन मंडळी आजही जपतात. तो लेकराच्या हातून पडला की गिऱ्हाईक धावत येते आणि काही कारागीर न उघडताच नव्या स्क्रीनचा भाव सांगतात. आम्हाला हे पटत नाही. ऐब असो वा नसो, खरे तेच सांगायला हवे.

पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरला असेल तर काच गेली. ती बदलावीच लागते. मात्र नुसत्या उभ्या रेषा गायब असतील तर बहुधा पडद्याच्या खालच्या कडेच्या रिबनचा सांधा सुटलेला असतो. मागचे स्क्रू तिकोनी खाचेचे असतात, साधा पेचकस चालत नाही. दोन्ही भागांना जोडणारी पट्टी झटका न देता सोडवावी. मग कमी तापवलेले सोल्डरिंग आयर्न त्या रिबनवरून हलके फिरवावे. एका जागी थांबले की रिबन जळते, आणि मग खरोखरच नवी स्क्रीन लागते! सांधा जुळला तर फक्त मजुरी घ्यावी.

सेट अगदीच बंद असेल तर आधी चार पेन्सिल सेलची जागा पाहा. सेल गळून पत्र्यावर चढलेला थर सिरक्यात बुडवलेल्या कापसाने निघतो. नंतर स्पिरिटने पुसून सुकू द्यावे.