जकातीने आखलेली पायवाट

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’ ही पायवाट सॉमरसेटमधील माइनहेड येथे सुरू होते आणि डेव्हन व कॉर्नवॉलला वळसा घालून डॉर्सेटमधील पूल बंदराच्या मुखाशी संपते. तिची लांबी १,०१४ किलोमीटर. ती सलग चालणाऱ्यास सुमारे सात-आठ आठवडे लागतात. त्यांतील एका दिवसाची धास्ती मात्र पदयात्री आधीपासूनच बाळगून असतात. तो दिवस म्हणजे हार्टलंडच्या धक्क्यापासून ब्यूडपर्यंतचा.

अंतर जेमतेम २५ किलोमीटर. परंतु सबंध दिवसातील चढांची बेरीज हजार मीटरहून अधिक भरते. येथील कडे वाळूचा खडक व शेल यांच्या थरांचे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भूखंडांच्या टकरीत हे थर कागदाच्या घडीसारखे मुडपले गेले. प्रत्येक ओढ्याने या कड्यांत दरी कोरली आहे. वाट दरीच्या तळाशी उतरते, ओढा ओलांडते आणि लगेच समोरचा चढ चढू लागते. असे दिवसभरात अनेकदा घडते. वाटेवर दुकान नाही. पाणी आणि शिदोरी पाठीवरच न्यावी लागते.

थोडे आत सरकले असते, तर सपाट पठारावरून सुखाने जाता आले असते. मग ही वाट कड्याची कडा का सोडत नाही? कारण ती प्रवाशांसाठी आखलेलीच नव्हती. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहा, ब्रँडी, तंबाखू यांवर जबर जकात होती. चहावरील कर ११९ टक्क्यांपर्यंत गेला होता. साहजिकच चोरटा माल रात्री निर्जन खाड्यांत उतरे. १८२२ साली तटरक्षक दल स्थापन झाले. त्याच्या पहारेकऱ्यांना प्रत्येक खाडीत डोकावून पाहणे भाग होते, म्हणून ते कड्याच्या अगदी काठाने फिरत. त्यांच्या पावलांनीच वाट मळली.

व्यापारी वाचकास येथे एक जुना हिशेब आठवावा. १७८४ साली पंतप्रधान विल्यम पिट यांनी चहावरील कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहाचा धंदा बसला. जे पहाऱ्याला साधले नव्हते, ते दराने साधले. पुढे फ्रान्सशी झालेल्या युद्धांच्या खर्चासाठी कर पुन्हा चढले आणि तस्करीही परतली. सरकारे असा धडा फार काळ लक्षात ठेवत नाहीत.

मार्सलंडच्या दरीत एक लहानशी पायपूल ओलांडली की डेव्हन संपून कॉर्नवॉल सुरू होते. पुढे मॉर्वेनस्टो. रॉबर्ट हॉकर हे धर्मगुरू १८३० च्या दशकापासून १८७५ पर्यंत येथे होते. या किनाऱ्यावर शिडाची जहाजे वारंवार फुटत. बुडालेल्यांची प्रेते पूर्वी अनेकदा पुळणीवरच कशीबशी पुरून टाकीत. हॉकर मात्र कड्याखालून प्रेते वर आणवीत आणि चर्चच्या आवारात विधिपूर्वक दफन करीत. नाव, गाव, नातलग काहीही ठाऊक नसलेल्या अशा चाळीसहून अधिक खलाशांना त्यांनी माती दिली. १८४२ मध्ये ‘कॅलेडोनिया’ हे स्कॉटिश जहाज येथे फुटले. त्याच्या नाळेवरील लाकडी स्त्रीमूर्ती थडग्याची खूण म्हणून उभारण्यात आली. मूळ मूर्ती आता चर्चमध्ये जपली असून आवारात तिची प्रतिकृती आहे.

फुटक्या जहाजांच्या लाकडांतून हॉकर यांनी कड्यावर एक झोपडी बांधली होती. ती आजही उभी आहे. दमलेला पदयात्री तिच्या बाकावर टेकतो. समोर फक्त अटलांटिक दिसतो.

तेथून थोड्याच अंतरावर कड्यालगत प्रचंड पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. ब्रिटिश सरकारच्या गुप्त संदेशश्रवण विभागाचे हे ठाणे. पहारेकरी गेले, पहारा राहिला आहे!

डकपूल व सँडीमाउथ येथे वाट पुन्हा पुळणीपाशी उतरते. त्यानंतर चढ सौम्य होत जातात आणि संध्याकाळी ब्यूडची घरे दिसतात. गुडघे तोवर बोलू लागलेले असतात; पूलपर्यंतचे सुमारे आठशे किलोमीटर अद्याप शिल्लक असतात.