यादी संपली की वाचन अडले?

फोल्डरमधल्या फायलींची नावे एकेक करून हातात देणारे सी लायब्ररीतले फंक्शन म्हणजे रीडडिर. नावे संपली की ते नल परत करते. पण मध्येच डिस्क बिघडली, तरीही नलच! बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ‘झाले सगळे’ समजून थांबतो आणि उरलेल्या फायली मागेच राहतात. हे कळते ते थेट फायली परत हव्या असतात तेव्हा. म्हणूनच ही चूक मला फार घातक वाटते.

उपाय एका ओळीचा आहे. दर वेळी रीडडिर वापरण्याआधी एर्‌नो या चलात शून्य भरायचे. नल आल्यावर तिथे शून्यच असेल तर यादी खरोखर संपली. दुसरा आकडा दिसला तर वाचन अडले. लूपच्या आधी एकदाच शून्य भरून भागत नाही, कारण मधली इतर फंक्शनेही तो आकडा बदलू शकतात.

नावाची लांबीही नीट मोजावी. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेते. ‘मराठी’ची चिन्हे ५, म्हणजे १५ बाइट. अशी ८५ चिन्हे झाली की जागा संपली.

फाइल आहे की फोल्डर, हे सांगणारा रीडडिरच्या नोंदीतला डी-टाइप हा रकाना काही फाइल सिस्टिमवर ‘अज्ञात’ येतो. तेव्हा एलस्टॅट या फंक्शनने खात्री करावी. आणि रीडडिर-आर हे रीडडिरचे दुसरे रूप नव्या प्रोग्रॅममध्ये वापरू नका: जी-लिबसी या सी लायब्ररीने २०१६ साली, २.२४ आवृत्तीत, ते कालबाह्य ठरवले आहे.