डोक्याचा मार आणि पिट्युटरीची ऐंशी वर्षांची उपेक्षा

डोक्याला मार लागून पिट्युटरी ग्रंथी निकामी झाल्याची पहिली नोंद १९१८ सालची, जर्मन डॉक्टरची. ती पुढे ऐंशी वर्षं अपवाद म्हणूनच पडून राहिली. १९४२ मध्ये एस्कामिला आणि लिसर यांनी पिट्युटरी मंदावलेल्या ५९५ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा मार हे कारण फक्त चौघांत सापडलं. दुर्मीळ म्हटलं की कुणी शोधत नाही, आणि शोधलं नाही की ते दुर्मीळच राहतं.

खरं तर या ग्रंथीची जागाच धोक्याची. शरीरातल्या अनेक संप्रेरकांवर (हॉर्मोन्सवर) ताबा ठेवणारी, मटाराच्या दाण्याएवढी ही ग्रंथी कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसते आणि एका नाजूक देठाने मेंदूला जोडलेली असते. तिचा बराचसा रक्तपुरवठा त्या देठावरून उतरणाऱ्या बारीक शिरांतून होतो. डोकं आपटलं, मेंदूला हिसका बसला, सूज आली, की तो पुरवठा तुटू शकतो. ग्रोथ हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी ग्रंथीच्या दोन्ही कडांना, त्याच शिरांवर विसंबून असतात.

२००० नंतर डब्लिन, अमेरिकेतलं गॅल्व्हेस्टन, तुर्कस्तानातलं कायसेरी इथल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या पद्धतशीर तपासण्या केल्या. कायसेरीत तर बॉक्सरांमध्येही ग्रोथ हॉर्मोनची उणीव आढळली. २००७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात मेंदूला इजा झालेल्यांपैकी २७.५ टक्के रुग्णांत पिट्युटरीची कुठली ना कुठली उणीव दिसली.

मात्र त्या काळात मेंदूच्या इजेवर उपचार म्हणून मोठी आशा होती ती प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकावर. एमरी विद्यापीठाचे डोनाल्ड स्टाइन यांना मेंदूच्या इजेतून उंदरांच्या माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरताना दिसल्या होत्या. अमेरिकेतल्या शंभर रुग्णांच्या छोट्या चाचणीने उमेद वाढवली. पण २०१४ च्या अखेरीस ८८२ आणि सुमारे १,२०० रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आणि दोन्हींत काहीच फायदा दिसला नाही. हा निकाल पचवणं अवघड होतं. पण माझ्या मते त्यामुळे संप्रेरकांचा विषयच बाद ठरत नाही. सरसकट सगळ्यांना एकच संप्रेरक औषध म्हणून टोचणं वेगळं आणि ज्याच्यात जे कमी पडलंय ते भरून काढणं वेगळं.

या दुसऱ्या वाटेचा पुरावा अजून थोडका आहे. २०१० च्या एका अभ्यासात उणीव असलेल्या २३ रुग्णांपैकी काहींना वर्षभर ग्रोथ हॉर्मोन दिलं. विचारांचा वेग, शब्द लक्षात ठेवणं यांत माफक सुधारणा झाली. गेलेली बुद्धी परत आणण्याचा दावा कुणी करू नये. पण ज्याला दुपारपर्यंतही डोकं चालवता येत नाही, त्याला माफक सुधारणाही मोलाचीच.

पिट्युटरीच्याच हुकमावर चालणाऱ्या कॉर्टिसॉल आणि थायरॉइडच्या उणिवांबाबत तर पुराव्याची वाट पाहायचं कारणच नाही. इथे थायरॉइडची नेहमीची टीएसएच तपासणी फसवते. टीएसएच बनवणारी पिट्युटरीच आजारी असेल तर ते नॉर्मल दिसू शकतं, म्हणून फ्री टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक बघावं लागतं. शिवाय कॉर्टिसॉलची उणीव आधी भरायची, थायरॉइडची गोळी नंतर. उलटं झालं तर जिवावर बेतू शकतं.

तुमच्या घरात अपघातानंतर कित्येक महिने कुणी थकलेलं, विसराळू, निरुत्साही असेल, पाळी थांबली असेल, तर ‘धक्का बसलाय, होईल बरं’ म्हणून सोडून देऊ नका. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा आणि सकाळचं कॉर्टिसॉल, फ्री टी-फोर, ग्रोथ हॉर्मोनचा अंदाज देणारं आयजीएफ-वन, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन यांबद्दल विचारा. पहिल्या वर्षात काही उणिवा आपोआप भरतात, काही नव्याने दिसतात, म्हणून वर्षभराने पुन्हा तपासून घ्या.