बनावट क्रेफिश गळास लावण्याची रीत

कास्तकारांच्या मासिकांत परदेशच्या मासेमारीचें काय प्रयोजन, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा, इतकीच विनंति आहे. मुलकी खात्यांतील कारकुनी संपवून पेन्शनींत बसल्यावर मुलीच्या आग्रहावरून मीं अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया संस्थानांत कांहीं महिने काढले. तिचें घर हॅरिसबर्ग शहराजवळ सस्क्वेहाना नदीच्या कांठीं आहे. या ठिकाणीं नदीचें पात्र सुमारें मैलभर रुंद, पण उथळ व खडकाळ आहे. जांवईबापूंस गळाचा नाद असल्यामुळें मलाहि परवाना काढावा लागला. कारण त्या संस्थानांत १६ वर्षें व त्यावरील वयाच्या कोणासहि परवान्याखेरीज गळ टाकतां येत नाहीं.

तेथें ज्या माशाची सर्वांस आवड, तो स्मॉलमाऊथ बास होय. रंगानें तपकिरी-हिरवट, अंगावर उभे काळसर पट्टे, आणि जबड्याची मागची कड डोळ्याच्या पलीकडे जात नाहीं, ही त्याची ओळख. याचें मूळ ठिकाण महासरोवरें व ओहायो-मिसिसिपी यांचीं खोरीं. पूर्वेकडील पोटोमॅक नदींत तो १८५४ सालीं आगगाडीच्या इंजिनाच्या पाण्याच्या टांकींतून नेऊन सोडला गेला. वाहतें, थंडसर पाणी आणि दगडगोट्यांचा तळ त्यास मानवतो. आणि त्याच दगडांखालीं त्याचें आवडतें खाद्य राहतें, तें म्हणजे क्रेफिश.

क्रेफिश म्हणजे आपल्या समुद्रांतील शेवंडाचा गोड्या पाण्यांतला धाकटा भाऊ समजावा. दोन मोठ्या नांग्या, कठीण कवच व पंख्यासारखें शेपूट. सावकाश चालतांना तो पुढें चालतो. पण भय वाटतांच शेपटाचा फटकारा मारून उलट्या दिशेनें, म्हणजे शेपूट पुढें व नांग्या मागें अशा रीतीनें पळतो. वाढीच्या काळांत तो कात टाकतो. त्या वेळीं त्याचें अंग मऊ असतें व मासा त्यावर विशेष तुटून पडतो. पुढील सर्व रीत या दोन गोष्टींवर उभी आहे.

जिवंत क्रेफिश सोडून बनावट कां वापरावा? याचें उत्तर कास्तकारास सहज पटेल. ओहायो खोऱ्यांतील तांबूस ठिपक्यांचा एक क्रेफिश गळकऱ्यांच्या आमिषाच्या डब्यांतून विस्कॉन्सिन व मिनेसोटाच्या सरोवरांत गेला. तेथें त्यानें पाणवनस्पतींचा फडशा पाडला व मूळच्या जातींस हुसकावून लावलें. गाजरगवत व जलपर्णी आपल्या उरावर कशीं बसलीं, हें आपण जाणतों. आफ्रिकन मागूर माशाच्या संवर्धनास भारत सरकारनें २००० सालीं बंदी घातली, तीहि याच भयानें. पाण्यांत सोडलेला परका जीव परत वेंचून काढतां येत नाहीं. मऊ प्लॅस्टिकचें आमिष अंडीं घालीत नाहीं. असें पहिलें आमिष, तें गांडुळाच्या रूपाचें, ओहायोंतील अ‍ॅक्रन गांवीं निक क्रीम यांनीं १९४९ च्या सुमारास विक्रीस आणलें.

साहित्य थोडें आहे. तीन ते साडेतीन इंच लांबीचा मऊ क्रेफिश, तपकिरी किंवा शेवाळी रंगाचा. नेढ्याजवळ काटकोनी वळण असलेला रुंद बांकाचा गळ. बंदुकीच्या गोळीसारखें निमुळतें, मधून भोंक असलेलें वजन. आणि आठ ते दहा पौंड ताण सोसणारा तंगुसाचा दोरा. रंग निवडण्यापूर्वीं कांठचे दोनचार दगड उलटून तेथला खरा क्रेफिश पाहावा, हें उत्तम.

आतां लावण्याची रीत. प्रथम वजन दोऱ्यांत ओंवावें. निमुळती बाजू काठीकडे, रुंद बाजू गळाकडे. नंतर नेढ्यास दोरा बांधावा व गांठ आवळण्यापूर्वीं ओली करावी; कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेनें दोरा तेथेंच दुबळा होतो. मग क्रेफिशाच्या शेपटाच्या टोंकांत, बरोबर मध्यावर, गळाचें टोंक पाव इंच आंत न्यावें व पोटाच्या बाजूनें बाहेर काढावें. सबंध गळ त्या छिद्रांतून ओढून नेढ्याजवळचें वळण शेपटांत रुतवावें. गळ अर्धा फिरवावा, म्हणजे टोंक अंगाकडे वळतें. बांक अंगाशेजारीं धरून टोंक कोठें येतें तें पाहावें व तेथें नखानें खूण करावी. त्या खुणेवर टोंक पोटांतून पाठीकडे आरपार काढावें आणि शेवटीं पाठीच्या वरच्या थरांत नुसतें टेकल्यासारखें खुपसून झांकावें. टोंक असें झांकलें म्हणजे तें दगडांत अडकत नाहीं, पण मासा चावतांच मऊ अंग दबून उघडें पडतें.

लावून झाल्यावर दोऱ्यानें उचलून पाहावें. आमिष सरळ लोंबलें पाहिजे. अंगास सुरकुती किंवा बांक राहिल्यास तें पाण्यांत भोंवरा घेतें, दोऱ्यास पीळ बसतो व मासा संशय घेतो. खूण केल्यावांचून घाईनें टोंचणें हेंच या दोषाचें कारण.

माझी पहिल्या दिवसाची चूक सांगतों. क्रेफिशाचें तोंड तें पुढें, अशा समजुतीनें मीं गळ नांग्यांकडून घातला. शिवाय जड वजन बरें म्हणून अर्ध्या औंसाची गोळी लावली. दोन तासांत पांच आमिषें खडकांत गेलीं व एकहि मासा लागला नाहीं. जांवईबापूंनीं न हंसतां एवढेंच विचारलें, "बाबा, पळणारा क्रेफिश कोणत्या बाजूनें पळतो?" मग चूक उमगली. शेपूट दोऱ्याकडे असलें, तरच ओढतांना नांग्या मागें फडफडतात व तो पळाल्यासारखा दिसतो.

वजनाचा नियम असा कीं, तळ लागावा, पण तळांत रुतूं नये. कमी ओढीच्या उथळ पाण्यांत अष्टमांश औंस, मध्यम ओढीस पाव औंस. त्याहून जड क्वचितच. पेरतांना फण किती खोल जावा हें जसें जमिनीवरून ठरतें, तसेंच हें. आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगास तिरपें फेंकावें, दोरा जेमतेम ताणलेला ठेवावा, आणि पाण्यासच तें दगडांवरून खालीं लोळवूं द्यावें. हाताला दगडांची टकटक लागते. खडकामागील संथ पाणी व वेगाचें पाणी जेथें भिडतें, त्या रेघेवर मासा टपलेला असतो. टकटक थांबून जडपणा आला किंवा दोरा आडवा सरकला, कीं ढील गुंडाळून काठी जोरानें उचलावी. पाणी फार थंड झालें म्हणजे मासा मंदावतो. तेव्हां आमिषहि मंद चालवावें.

तळ वाळूचा किंवा बारीक खडीचा असेल, तर याहून सोपी रीत आहे: गळाच्या डोक्यासच ओतलेलें वजन असतें, त्यावर क्रेफिश शेपटाकडून सरळ चढवावा व टोंक उघडें ठेवावें. मासा लवकर लागतो. मात्र खडकांत हा गळ हटकून अडकतो.

आतां मुख्य गोष्ट. अडकलेलें आमिष तोडून देणें सोपें, पण तें प्लॅस्टिक कुजत नाहीं, व शिशाचा तुकडा गिळून लून नांवाचे पाणपक्षी मरतात. म्हणून न्यू हॅम्पशायर संस्थानानें लहान शिशाच्या वजनांस कायद्यानें मनाई केली. टंगस्टनचें वजन महाग, परंतु निर्धोक व आकारानें लहान. फाटकीं आमिषें खिशांत घालून घरीं आणावीं.

आणि याहून मोठी गोष्ट: याच सस्क्वेहानांत २००५ पासून बासचीं पिलें रोगानें मरूं लागलीं. २०११ सालीं नदीच्या मोठ्या भागांत धरलेला बास लागलीच सोडून देण्याचा नियम झाला. २०१५ सालीं सरकारी तपासणीनें संभाव्य कारणें सांगितलीं, त्यांत रोगजंतु व परजीवी होतेच. परंतु जीवांच्या शरीरांतील ग्रंथींचें काम बिघडविणारीं द्रव्यें व तणनाशकेंहि होतीं. तणनाशक नदींत कोणी मुद्दाम ओतीत नाहीं. तें पावसाबरोबर शेतांतून उतरतें. ज्या कास्तकारानें जन्मांत गळ हातीं धरला नाहीं, त्याचाहि हात त्या माशापर्यंत पोंचतो.

म्हणून वाचकांस विनंति अशी कीं, फवारणीपूर्वीं आभाळ पाहावें, बांधाकडेची व ओढ्याकडेची पट्टी गवताची राखावी, आणि फवाऱ्याचे डबे ओढ्यांत धुवूं नयेत. गळ टाकणारा एक आमिष गमावतो. आपण निष्काळजी राहिलों, तर सारी नदी गमावूं.