मशीन पाणी मारतंय का?

जूनचा पहिला आठवडा. अंबरनाथ पूर्वेच्या एका गॅरेजात रबरी बोटीचं इंजिन लाकडी घोडीवर अडकवलं होतं. इथे एरवी जनरेटर आणि पाण्याचे पंप दुरुस्तीला येतात. हे ४० हॉर्सपॉवरचं मशीन एका बचाव पथकाचं. पथकातला एक पोरगा सोबत आला होता. त्याची तक्रार एका ओळीची होती: सरावाला नदीत उतरवलं की दहा मिनिटांत तापतं, भोंगा वाजतो.

समुद्रापासून इतक्या आत बोट कशाला, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. मी बदलापूरचा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात उभी होती. आत १,०५० च्या आसपास प्रवासी, त्यांत ९ गरोदर बायका. त्यांना सोडवायला एनडीआरएफ आणि नौदलाची माणसं अशाच रबरी बोटी घेऊन आली होती. उल्हास नदीची बदलापूरची धोक्याची पातळी १७.५० मीटर. पावसाळ्यात हा आकडा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. अशा पुरात मशीन तापून बंद पडलं, तर बोट नुसती वाहत जाणारी रबराची पिशवी उरते. म्हणून मी सकाळपासून तिथे स्टूल टाकून बसलो होतो.

गाडीला रेडिएटर असतो, या मशीनला नसतो. ज्या पाण्यावर बोट तरंगते तेच पाणी ते खालच्या जाळीतून ओढतं. रबरी पात्यांचा छोटा इम्पेलर ते तांब्याच्या नळीतून वर ढकलतो, पाणी सिलिंडरभोवती फिरून उष्णता घेतं आणि पुन्हा नदीत पडतं. त्यातलंच थोडं मागच्या एका बारीक छिद्रातून धारेनं उडतं. मशीनच्या पोटात पाणी फिरतंय की नाही, हे बाहेरून सांगणारी तेवढीच एक खूण.

गॅरेजच्या मेस्त्रींनी पहिला प्रश्न तोच विचारला. “पाणी मारत होतं का?”

“सुरुवातीला मारत होतं. मग बारीक झालं.”

मेस्त्री जाळीपाशी वाकले. चिमट्यानं ओढल्यावर प्लास्टिकच्या पिशवीचा लांब तुकडा बाहेर आला, मागोमाग जलपर्णीच्या मुळांचा काळा गुंता. आमच्या सगळ्यांचे चेहरे खुलले. कारण सापडलं होतं, आणि ते ओळखीचंही होतं. १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी आमची वालधुनी पुढे उल्हासनगरातून काय काय घेऊन जाते, ते रेल्वेच्या पुलावरून रोज दिसतं. उल्हास नदीत कल्याणच्या अंगाला जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात. नदीत आपण जे टाकतो तेच या मशीनला प्यावं लागतं, आणि मला याचा मनापासून राग येतो.

मेस्त्रींना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. बारीक तारेनं धारेचं छिद्र मोकळं केलं, मशीन पाण्याच्या पिंपात उभं करून चालू केलं. धार आली, पण लुळी. रेस वाढवली तरी जोर येईना. “जाळी साफ आहे, छिद्र साफ आहे. मग ढकलणाराच दमलाय.”

गिअरचा दांडा सोडवून, बोल्ट काढून त्यांनी खालचा भाग अलगद उतरवला. पंपाचं झाकण उघडलं आणि जळक्या रबराचा वास आला. इम्पेलरची पाती एकाच बाजूला वाकून तशीच ताठरली होती, टोकं चकाकत होती. ६ पात्यांपैकी १ मुळापासून गेलेलं, १ अर्धं तुटलेलं.

मेस्त्री पोराकडे वळले. “मशीन कोरडं चालवता?”

पोरगा म्हणाला, “दर रविवारी, स्टँडवरच. जाम होऊ नये म्हणून. एक-दोन मिनिटंच.”

मेस्त्री रागावले नाहीत. या पात्यांना पाणीच तेलासारखं असतं, ते नसेल तर रबर धातूवर घासून तेवढ्या वेळातही करपतं, असं त्यांनी समजावलं. पोराची मान खाली गेली. सुट्टीच्या दिवशी येऊन ती पोरं हे काळजीनंच करत होती.

नवा इम्पेलर टेबलावर तयार होता. मला वाटलं, आता बसवायचा आणि झालं. पण मेस्त्रींनी त्याला हातच लावला नाही. तुटलेलं पातं हवेत विरत नाही, ते पाण्यासोबत वर गेलेलं असतं आणि कुठल्यातरी अरुंद वाटेत बसून राहतं. ते तसंच ठेवून नवा इम्पेलर टाकला, की मशीन महिनाभर बरं चालतं आणि पुरात दगा देतं.

वरचा थर्मोस्टॅट काढला. त्याच्या बैठकीत अर्ध्या पात्याचा तुकडा अडकलेला. थर्मोस्टॅट त्यांनी चहाच्या पातेल्यात गरम पाण्यात सोडून पाहिला. झडप सावकाश उघडली. कारचा थर्मोस्टॅट ८० अंशांच्या वर उघडतो, हा ५०-६० च्या आसपास. समुद्राचं पाणी त्याहून तापलं तर क्षार वाटेतच साचतात, म्हणून ही मशिनं थंडच चालवायची.

दुसरा तुकडा सापडेना. थर्मोस्टॅटच्या जागेतून उलटं पाणी सोडलं. गाळ आला, वाळू आली, चहा येऊन गार झाला. तांब्याच्या नळीच्या तोंडाखाली पोरगा हात पसरून बसला होता. पाऊण तासानं त्याच्या ओंजळीत काळं, नखाएवढं काहीतरी पडलं. मेस्त्रींनी वर्तमानपत्रावर जुना इम्पेलर ठेवला, दोन्ही तुकडे त्याला लावून पाहिले. जागा बरोबर भरल्या.

मग इम्पेलरची नवी चावी, नवं पॅकिंग, पात्यांना साबणाचं पाणी. दांडा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवत इम्पेलर आत दाबला, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकून बसतात. पिंपात मशीन पुन्हा सुरू झालं. धार सरळ उडून भिंतीवर आपटली. मेस्त्रींनी तिच्याखाली हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. नंतर मीही धरला. कोमट होती.

जुना इम्पेलर आणि ते दोन तुकडे त्यांनी पिशवीत बांधून पोराकडे दिले. “पथकात सगळ्यांना दाखव. रविवारी चालू करायचं तर पिंपात. आणि नदीत टाकलं की आधी मागे वळून धार बघायची, मग पुढे निघायचं.”