नागोबाचे घर

श्रावण शुद्ध पंचमीस पाटावर गंधाने नाग रेखाटून त्यास आघाडा, दूर्वा, लाह्या व दूध वाहण्याची चाल आपल्याकडे घरोघरी आहे. तथापि रेखाटलेल्या नागाने ज्यांचे समाधान होत नाही असे भाविकही असतात. मागे एका श्रावणात आमच्या यजमानांचे कॉलेजात जाणारे चिरंजीव कीर्तन आटोपल्यावर हळूच जवळ आले. नव्या घराचा पाया खणताना जुने वारूळ फुटले होते आणि त्यात नागाचे एक पिल्लू जिवंत सापडले होते. ‘बुवा, पंचमीला पूजा करीन आणि पुढेही घरीच सांभाळीन. त्याच्या पेटीत काय काय असावे, हे शास्त्रात कोठे सांगितले आहे का?’

आम्ही पेटी पाहावयास गेलो. काचेची पेटी, तळाशी कोरडी वाळू, कोपऱ्यात दुधाची वाटी आणि वर प्रखर दिवा. वीतभराहून थोडे मोठे ते पिल्लू काचेवर नाकाड घाशीत फिरत होते. मुलाची श्रद्धा खरी होती. त्या पेटीत श्रद्धेवाचून दुसरे काही नव्हते.

नागाचे दूध हे अन्नच नव्हे. तो उंदीर, बेडूक खाणारा. दूध त्यास पचत नाही. गारुड्याचा नाग दूध पितो तो कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून. आम्हीही तरुणपणी दारी आलेल्या टोपलीपुढे वाटी ठेवून हात जोडले आहेत. ती तहान आम्हांस भक्तीची स्वीकृती वाटली होती. नागाच्या अंगची ऊब स्वतःची नसते. घेतलेला घास पचविण्यास त्यास उष्णता हवी आणि ती सोसेनाशी झाली की सरकावयास गारवा हवा. कात टाकावयाची तर ओलसरपणा हवा, नाही तर ती अंगावरच तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहते. पापणी नसलेल्या त्या डोळ्यांना अंधार हवा. आणि कोणाच्या दृष्टीस न पडता वेटोळे घालून बसण्याची जागा तर सर्वांच्या आधी हवी. काचेच्या पेटीत नेमकी तीच नव्हती.

हे सर्व जेथे एकत्र मिळते ते घर म्हणजे संस्कृतातील वल्मीक, आपले वारूळ. वाळवीने कण कण माती जोडून उभारलेले; बाहेर ऊन असो वा पाऊस, आत ऊब आणि ओल बऱ्याच अंशी स्थिर राहते. ‘आयत्या बिळावर नागोबा’ असे आपण ऐतखाऊ माणसास हिणवून म्हणतो. पण त्या म्हणीत नागाची असहायताही आहे. त्यास हात नाहीत, घर बांधता येत नाही. आयते मोडले की त्यास दुसरे उभारता येत नाही.

पंचमीच्या कीर्तनात उत्तररंगास आम्ही आस्तिकाचे आख्यान लावतो. जनमेजयाचे सर्पसत्र आस्तिकाने थांबविले, हे श्रोत्यांस पाठ असते. तक्षकाचे घर खांडववनात होते आणि ते वन अर्जुनाने अग्नीच्या स्वाधीन केले, इकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. तक्षक त्या वेळी कुरुक्षेत्रात होता. त्याची पत्नी मुलास वाचविताना मारली गेली. त्याच आगीतून वाचलेल्या मयासुराने पुढे पांडवांची सभा बांधली. एकाचे घर जळाले, दुसऱ्याचे उभे राहिले. त्या दिवशी खणलेल्या पायाशी उभे असता आम्हांस हेच आख्यान आठवले.

म्हणून पंचमीचे नेम पाहावेत. त्या दिवशी शेतकरी नांगर धरीत नाही, कोणी जमीन खणीत नाही. व्रताच्या कहाणीतही नांगराच्या फाळाने नागाची पिल्ले मरतात, तेथूनच अनर्थ सुरू होतो. पूर्वजांनी नागास घरात आणावयास सांगितले ते चित्ररूपाने. त्याच्या घराविषयी मात्र एवढेच सांगितले, की ते फोडू नका. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास पंचमीपूर्वी नाग पकडून मडक्यांत सांभाळीत व पूजेनंतर सोडून देत. तेथील लोकांचा जिव्हाळा आम्ही नाकारीत नाही. पण मडके ते मडकेच. पुढे न्यायालयाने ही प्रथा रोखली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे नागास संरक्षण आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत गेला आहे. तेव्हा नाग घरी बाळगणे हा गुन्हाच होय.

मुलास आम्ही एवढे सांगितले, की शास्त्रात पेटी नाही. शिवाय नागाचे पिल्लू जन्मतःच विषारी असते, हे ऐकून त्याच्या मातोश्रींनी पेटीपासून दोन पावले मागे घेतली. वनखात्यास कळविले. सर्पमित्र आले, त्यांनी पिल्लू पिशवीत घेतले आणि धान्याची कोठी झाकून उंदीर हटविण्यास बजावून ओढ्याच्या काठी ते सोडले.

वारुळाचा अर्धा भाग अजून उभा होता, नेमका कुंपणाच्या भिंतीच्या रेषेत. यजमानांनी गवंड्यास बोलावून भिंत आठ हात अलीकडे घ्यावयास सांगितले. गवंडी बराच वेळ कुरकुरत होता. आखलेली दोरी त्यास पुन्हा सोडून बांधावी लागली.